मुंगूस हा शब्द मुळात कुणाचा?

कऱ्हाकाठ (धागाकर्ता)

परवा पुतण्या गावी आला होता. सात वर्षांचा आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. आमच्या घरामागे दगड रचून केलेलं जुनं कुंपण आहे, त्याच्या सांदीत मुंगसाची जोडी राहते. ऊन जरा वर आलं की आधी एक डोकं बाहेर काढतं, मागच्या पायांवर उभं राहून चहूकडे बघतं, मग दुसरं येतं. मी पुतण्याला हळूच म्हटलं, "ते बघ मुंगूस." तो म्हणाला, "काका, ते मंगूस असतं. तुम्ही इंग्रजी शब्द चुकीचा का म्हणता?"

मी त्याला सांगितलं, की बाळा, उलट आहे; इंग्रजांनी तो शब्द आपल्याकडून नेला. पण सांगताना जाणवलं की हे आपण कधीतरी ऐकलेलं आहे, तपासलेलं नाही. म्हणून गेले आठ दिवस जमेल तसं शोधत होतो. जे हाती लागलं ते मांडतो, भर घाला आणि चुकलं तर सुधारा.

जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. मुंबई, सुरत इथं राहिला, १६७५ मध्ये जुन्नरलाही जाऊन आला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आगेमागे तो आपल्याच मुलखात हिंडत होता. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात 'मंगूस' येतो आणि हा प्राणी फेरेटच्या, म्हणजे युरोपात पाळतात त्या लांबट अंगाच्या छोट्या शिकारी जनावराच्या, जातकुळीतला आहे असं तो वाचकांना समजावतो. त्यांच्याकडे असा प्राणीच नव्हता, त्यामुळे नावही नव्हतं. ऑक्सफर्डचा मोठा कोश या शब्दाचं मूळ मराठी असंच देतो. पुढे फ्रेंचमध्ये मांगूस्त, स्पॅनिशमध्ये मांगोस्ता, पोर्तुगीजमध्ये मांगुश्तू, रशियनमध्ये मांगूस्त. सगळीकडे आपलं मुंगूसच थोडं वेष पालटून बसलं आहे.

इथवर मला बरं वाटलं. मग एक गोष्ट अडली. संस्कृतात हा नकुल. हिंदीत त्याचा नेवला झाला, गुजरातीत नोळियो, बंगालीत नेउल, ओडियातही नेउळ. सगळी भावंडं नकुलाच्या घरातली. एकट्या मराठीनंच मुंगूस कुठून आणलं? आपल्याकडे नकुल फक्त पांडवांत उरला, बांधावर मुंगूस राहिलं. हे कसं झालं असेल?

आजोळ

धागा वाचून एकदम आजोळी जाऊन आले! मे महिन्यात आम्ही सगळी आतेमामे भावंडं शेतावर जायचो. मुंगूस दिसलं की सगळे जागच्या जागी थांबून म्हणायचो, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" आणि ते खरंच वळून बघायचं. मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो असं आजी म्हणायची, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी वाट वाकडी करून आम्ही बांधावरून शाळेत जायचो.

मलप्रभा

कऱ्हाकाठ, छान लिहिलंय. मी बेळगावकडची. माहेरी मराठी, सासरी कन्नड. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात परसात हा प्राणी दिसला आणि सासूबाई म्हणाल्या, "मुंगुसी!" मला वाटलं त्या माझ्यासाठी मराठीत बोलतायत. पण तो त्यांचाच शब्द. कन्नडमध्ये मुंगुसी किंवा मुंगिसी, तुळूत मुंगुली, तेलुगूत मुंगिस. तेव्हा हा शब्द दख्खनचा आहे, एकट्या मराठीचा नव्हे असं मला वाटतं. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या शब्दांचा जो जुना प्रसिद्ध कोश आहे, हॉब्सन-जॉब्सन, १८८६ चा, तो तर हा शब्द तेलुगूच मानतो आणि दख्खनी-मराठीतही आहे अशी पुढे नोंद करतो.

तुमचा आनंद कमी करायचा नाहीये, पण पुतण्याला सांगताना हेही सांगा.

कऱ्हाकाठ

मलप्रभाताई, आनंद कमी कशाला होईल? उलट माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलंत. उत्तरेकडे नकुल आणि दक्षिणेकडे मुंगुसी, आपण मधे. शेजाऱ्याचा शब्द घेतला असणार.

खळं

मुंग्या खातं म्हणून मुंगूस, असं आम्हाला शाळेत एका गुरुजींनी सांगितलं होतं. ते बरोबर नाही का मग?

जुनी पोथी

खळं, ऐकायला जुळतं खरं, पण जुळणी इथंच मोडते: मुंगूस किडे खातं, पण मुंग्या हे काही त्याचं मुख्य खाणं नव्हे. उंदीर, सरडे, बेडूक, अंडी, विंचू, नाकतोडे, पडलेली फळं, जे मिळेल ते. शिवाय कन्नडमध्ये मुंगीला इरुवे म्हणतात, तेलुगूत चीम. त्यांच्या मुंगिशीत मुंगी कुठून येणार? शब्दाचा एकच तुकडा ओळखीचा वाटला की आपण त्यावर गोष्ट रचतो. संस्कृत पंडितांनीही नकुलाची फोड 'न कुल', ज्याला कुळ नाही तो, अशी केलीच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. मलप्रभाताईंचं म्हणणं मला पटतं, पण 'शेजाऱ्याकडून घेतला' हे किती जुनं आहे ते बघा. जैनांच्या अर्धमागधी आगमांत, म्हणजे प्राकृतातल्या जुन्या धर्मग्रंथांत, सूत्रकृतांग नावाचा ग्रंथ आहे. त्यात जिवांचे प्रकार सांगताना भुजपरिसर्प, म्हणजे हातांच्या आधारानं सरपटणारे, यांची यादी येते. घोरपड, सरडा, पाल, उंदीर असे प्राणी आहेत. त्याच यादीत 'नउल' आहे आणि पुढे काही शब्दांनंतर 'मंगुस'ही आहे. दोन्ही एकाच ओळीच्या अंतरात! म्हणजे नकुलापासून झालेला नउल आणि हा मंगुस हे दोन शब्द त्या काळी शेजारी शेजारी नांदत होते, आणि यादी करणाऱ्याला ते दोन वेगळे प्राणीही वाटले असतील.

पुढे बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडितानं 'देशीनाममाला' रचली. संस्कृतातून ज्यांची व्युत्पत्ती लागत नाही अशा बोलीतल्या शब्दांचा तो संग्रह. मंगुस त्यात आहे, अर्थ नकुल. 'देशी' या शिक्क्याचा अर्थच असा की हा शब्द वरून उतरलेला नाही, मातीतून वर आला आहे. द्राविड भाषांत तो ज्या रूपांनी पसरलेला आहे ते पाहता त्याचं मूळ तिकडे असावं, हा अभ्यासकांचा कल मला योग्य वाटतो. पण मराठीनं तो काही परवा उसना आणलेला नाही. मराठी मराठी होण्याच्या आधीपासून तो या प्रदेशात होता.

मलप्रभा

जुनी पोथी, हे मला माहीत नव्हतं. घोरपडीच्या आणि पालीच्या रांगेत मुंगूस! पण ते चालतं तसंच ना, पोट जमिनीला टेकल्यासारखं. यादी करणाऱ्यानं नीट पाहिलं होतं.

माझी लेखणी

एक व्याकरणाची गंमत. मुंगूस – मुंगसाला. माणूस – माणसाला. कापूस – कापसाला. तिन्ही शब्दांत शेवटचा दीर्घ ऊ सामान्यरूपात गळतो. शब्द कुठूनही आलेला असो, मराठीनं त्याला माणसाच्या आणि कापसाच्या पंगतीत बसवला आहे, एकच नियम लावला आहे. माझ्या मते शब्द 'आपला' झाला की नाही हे इथं कळतं. बाहेरून नुसता ठेवलेला शब्द असा वाकत नाही.

इंग्रजीत पाहा, शेवटी 'गूस' ऐकू येतं म्हणून त्यांना हंस आठवतो आणि अनेकवचन करताना भलेभले अडखळतात. हंसाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

किनारा

गोव्यातली एक नोंद द्यायची आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा, त्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात सर्पविषावरच्या मुळ्यांबद्दल बोलताना तो सिलोनमधल्या एका फेरेटसारख्या जनावराची हकिकत सांगतो: ते सापाशी लढण्याआधी अमुक एक मुळी चावून अंगाला लावतं. त्याचं नाव तो 'किल' किंवा 'किर्पेले' असं देतो. तमिळमध्ये मुंगसाला कीरी किंवा कीरिप्पिळ्ळै म्हणतात, तेच हे. पिळ्ळै म्हणजे लेकरू. खारीलाही ते अणिल्पिळ्ळै म्हणतात, तशी ही लाडाची जोड.

म्हणजे युरोपात आधी तमिळ नाव पोचलं होतं, ते टिकलं नाही. शंभरेक वर्षांनी आपल्या बाजूचं नाव गेलं आणि ते रुजलं. सिलोनमध्ये जवळजवळ वीस वर्षं कैदेत काढलेल्या रॉबर्ट नॉक्सनं १६८१ च्या पुस्तकात 'मुंगुटिया' असं काहीसं लिहिलंय, ते सिंहली मुगटिया. तेही पुढे गेलं नाही.

त्या मुळीची गोष्ट मात्र सगळीकडे आहे. आपल्याकडे सर्पगंधेला मुंगूसवेल म्हणतात, संस्कृतात नाकुली. प्राण्यावनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं तर दुसऱ्याच एका वनस्पतीला ओफिओऱ्हायझा मुंगोस असं नाव देऊन टाकलं. एका प्राण्याच्या नावानं किती झाडं फिरतायत!

पानगळ

मी विदर्भात वन्यजीवांच्या नोंदींचं काम करतो, म्हणून मुळीबद्दल थोडं. मुंगूस मुळी खाऊन वाचत नाही. नागाचं विष मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप अडवतं. स्नायूवर जिथं तो निरोप उतरतो त्या जागेला विष चिकटून बसतं. मुंगसाच्या शरीरात त्या जागेची घडणच अशी आहे की विषाला नीट चिकटताच येत नाही. इस्रायलमधल्या संशोधकांनी १९९२ मध्ये इजिप्तमधल्या मुंगसावर हे दाखवून दिलं. तरी हे चिलखत पूर्ण नाही. बराचसा बचाव चपळाईचा आणि फुलवलेल्या केसांचा असतो: अंगावरचे राठ केस उभे राहिले की मुंगूस आहे त्याच्या दीडपट दिसतं आणि नागाचा दंश केसांतच जातो. घोणशीचं विष वेगळ्या पद्धतीनं काम करतं, तिथं या घडणीचा उपयोग नाही.

दुसरं, आपण ज्याला सरसकट मुंगूस म्हणतो त्यात निदान तीन तरी महाराष्ट्रात सहज ओळखता येतात. गावाजवळ, बांधावर, कुंपणात दिसतं ते करडं. ताडोबा, मेळघाटात जंगलात गाडीसमोरून जातं ते बहुधा तांबूस. शेपटीचं टोक काळं आणि चालताना ते वर वळवलेलं असतं, तेवढी एक खूण लक्षात ठेवा. सह्याद्रीत दाट जंगलात मानेवर काळा पट्टा असलेलं, सगळ्यांत थोराड. भारतात एकूण सहा जाती आहेत. शास्त्रीय नावही अलीकडे बदललं: हर्पेस्टेस होतं, आता अशियातल्या मुंगसांना उर्वा म्हणतात. हे उर्वासुद्धा नेपाळकडचं स्थानिक नाव, हॉजसन या इंग्रज निसर्ग अभ्यासकानं १८३६ मध्ये उचललेलं. म्हणजे इंग्रजी नाव दख्खनचं आणि शास्त्रीय नाव हिमालयातलं.

उगवतीकडे

मी गेली अकरा वर्षं जपानमध्ये आहे. इथं त्याला म्हणतात 'मांगूसु'. पहिल्यांदा ओकिनावाच्या एका माहितीफलकावर वाचलं आणि मी फलकासमोर उभाच राहिलो. घरापासून इतक्या दूर आईच्या तोंडचा शब्द.

पण फलकावरची हकिकत आनंदाची नव्हती. हाबू नावाचा विषारी साप तिथं आहे. तो कमी व्हावा म्हणून १९१० मध्ये गंगेच्या मुखाकडची छोटी मुंगसं आणून ओकिनावात सोडली. १९७९ मध्ये अमामी ओशिमा बेटावर तीसेक सोडली. हाबू रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठच पडेना. मुंगसांनी खाल्लं काय, तर जिला तोवर कुणी चार पायांचा शत्रूच नव्हता अशी त्या बेटांवरची चीजवस्तू: अमामीचा काळा ससा, ओकिनावाचा उडता न येणारा पाणकोंबडा, बेडूक. अमामीत २००० च्या सुमारास दहा हजारांपर्यंत मुंगसं झाली होती. मग ती पकडायला खास पथक नेमलं, हजारो सापळे लावले, शोध घ्यायला कुत्री शिकवली. सप्टेंबर २०२४ मध्ये बेट मुंगूसमुक्त झाल्याचं सरकारनं जाहीर केलं.

बातमी वाचली तेव्हा बेटासाठी हायसं वाटलं आणि मुंगसांसाठी घशात आवंढा आला. त्यांना तिथं नेलं कुणी, तर माणसानं.

किनारा

जमैकातही हेच. १८७२ मध्ये उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली, पुढे तिथून १८८३ मध्ये हवाई बेटांवर. उंदीर रात्रीचा, मुंगूस दिवसाचं. अंडी आणि पक्षी संपले.

रंगपेटी

मी चित्रकला शिकवते. हा धागा तीन दिवस वाचतेय आणि लिहू की नको करत होते.

आमच्या क्षेत्रात 'मुंगूस' हा शब्द वर्षानुवर्षं दुकानात ऐकू यायचा. "मुंगूसचा ब्रश दे, नायलॉनचा नको." जलरंगाला पाणी धरून ठेवतो, टोक सुटत नाही, रेघ सरळ येते. मी स्वतः शिकत असताना असे ब्रश वापरले आहेत. नाव कानावर होतं पण ते नाव आणि ते जनावर यांची गाठ मनात कधी घातली नाही. ब्रशचा एक प्रकार, एवढंच.

गाठ पडली ती आकड्यानं. एक किलो केसांसाठी साधारण ५० मुंगसं मारावी लागतात. पाळून कातरून केस काढतात असं नाही. फासे लावून, काठीनं मारून. केसही असे की एकाच केसावर फिकट आणि गडद पट्टे आलटून पालटून, त्यामुळेच मुंगूस लांबून करडं दिसतं. ब्रशमध्ये तोच पट्टा दिसतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोनं देशात एकाच वेळी छापे घातले. २६,००० ब्रश आणि शंभर किलोंहून जास्त केस सापडले. उत्तर प्रदेशातलं शेरकोट हे ब्रश बनवण्याचं मोठं गाव, पण माल जातो तो सगळीकडे, आपल्या शहरांतही. शंभर किलो म्हणजे किती जनावरं, तो गुणाकार मी फळ्यावर केला होता. वर्गात कुणी बोललं नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे. मारणं, केस विकणं, ब्रश विकणं, सगळा गुन्हा. दुकानदार 'इम्पोर्टेड केस' म्हणून देईल. ओळखायचं कसं: केसांत फिकट-गडद पट्टे दिसले तर घेऊ नका. शंका असेल तर एक केस जाळून बघा. नायलॉन वितळून त्याचा मणी होतो, खऱ्या केसाला जळक्या केसांचा वास येतो. आजचे कृत्रिम केसांचे ब्रश पाणी पुरेसं धरतात. माझे विद्यार्थी त्यावरच शिकतात आणि त्यांची रेघ सरळ येते.

कऱ्हाकाठदादा, तुमच्या पुतण्याच्या रंगपेटीत बघाल का एकदा?

आजोळ

रंगपेटी, बरं केलंत लिहिलंत. मुलीचे ब्रश आत्ता उजेडात धरून पाहिले. पट्टे नाहीत.

जुनी पोथी

रंगपेटीताईंचं वाचून एक आठवलं. पंचतंत्रात ब्राह्मणाच्या घरचं मुंगूस पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवतं, आणि आई त्याच्या तोंडाला लागलेलं रक्त बघून हातातला घडा त्याच्यावर घालते. ही गोष्ट आपण मुलांना अविचारावरची म्हणून सांगतो. मला ती आज पहिल्यांदा मुंगसाच्या बाजूनं वाचाविशी वाटली.

महाभारतातलं मुंगूस तर आणखी वेगळं. युधिष्ठिराचा अश्वमेध संपतो, सगळे वाहवा करत असतात, आणि अर्धं अंग सोन्याचं असलेलं मुंगूस बिळातून येऊन म्हणतं, हा यज्ञ कुरुक्षेत्रातल्या गरीब ब्राह्मणाच्या शेरभर सातूच्या पिठाची बरोबरी करू शकत नाही. त्या पिठाच्या कणांत लोळून त्याचं अर्धं अंग सोन्याचं झालेलं असतं, उरलेलं अर्धं इथं होत नाही. सम्राटाला तोंडावर हे सांगायला व्यासांनी कोणता प्राणी निवडला, बघा.

खळं

आमच्याकडे मुंगूस कोंबडीची पिल्लं उचलतं, म्हणून गावात काही जण दगड घेऊन मागे लागतात. काय करावं? मला मारायचं नाहीये.

पानगळ

खळं, खुराड्याला खालून बारीक जाळी लावा. बाजूंनी लावतात पण जमीन उघडी ठेवतात आणि मुंगूस खणून आत येतं. जाळी जमिनीत वीतभर पुरा. जाळीचं भोक अर्ध्या इंचाहून मोठं नको. पिल्लं दिवसा मोकळी सोडत असाल तर झुडपांपासून लांब, उघड्यावर सोडा. मुंगसाला आडोसा लागतो, उघड्यावर घारीची भीती त्यालाही असते. आणि तुमच्या धान्याच्या कणगीभोवतीचे उंदीर कोण कमी करतं तेही मागे लागणाऱ्यांना सांगा.

कऱ्हाकाठ

सगळ्यांचे आभार. रंगपेटीताई, पुतण्याच्या डब्यात सहा ब्रश होते, सहाही साधे. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानात गेलो. वरच्या फळीवर दोन ब्रश पट्ट्यांचे होते. दुकानदाराशी शांतपणे बोललो. त्याला खरोखर माहीत नव्हतं, की निदान तसं तो म्हणाला. ते त्यानं काढून ठेवले आहेत आणि पुढे मागवणार नाही असं सांगितलंय. मी महिन्यानं परत जाणार आहे.

पुतण्याला शब्दाची सगळी वाट सांगितली: मंगुस, मुंगुसी, मुंगिस, फ्रायर डॉक्टर, जपानचं मांगूसु. त्यानं वहीत एका पानावर मुंगूस काढलं आणि भोवती ही सगळी नावं लिहिली. मलप्रभाताई, 'मुंगुसी' कन्नड लिपीत कसं लिहितात ते त्याला हवं आहे. जागा सोडून ठेवली आहे.

मलप्रभा

आज संध्याकाळी सासूबाईंच्या हातचं लिहून फोटो टाकते. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.